जावेच्या दोन दाढा

माझे दात पन्नाशीच्या आतच गेले. एकेक हलायला लागला तसा मी तो काढून टाकला. बरेचसे दवाखान्यात काढले, दोन-तीन घरीच दोऱ्यानं ओढले. बिडी बांधायचा दोरा त्या कामाला चांगला असतो. मग कवळी केली. कवळीनं कडक भाकरी चावता येत नाही, एवढीच तिच्याबद्दल माझी तक्रार आहे. बाकी ती दुखत नाही आणि किडतही नाही.

पण हे मी माझ्या दातांसाठी लिहायला बसले नाही. धाकट्या जावेच्या दातांसाठी बसले आहे.

ती माझ्यापेक्षा बरीच लहान. मैंदर्गीहून लग्न होऊन सोलापुरात आली तेव्हा माझी मुलं शाळेत जात होती. बोलताना मधेच कानडी यायची, अजून येते. आमचे नवरे सख्खे भाऊ, दोघंही आता नाहीत. आम्ही दोघींनी एकाच उंबऱ्यावर बसून बिड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला भिजवून कापलेली पानं. माझी बोटं वाकडी झाल्यावर मी सोडलं. ती अजून वळते.

तिला तिच्या दातांचा ताठा होता. ते पांढरे नव्हते, पण घट्ट होते. सुपारी फोडायला तिला अडकित्ता लागत नसे. माझ्या कवळीवरून तिनं आयुष्यभर मला बोलून घेतलं. पाहुणे आले की आतून सांगायची, "अक्का, दात घाला, माणसं आल्यात." एकदा माझी कवळी वाटीतून उचलून तिनं खिडकीत ठेवली होती, कावळा नेतो का बघायला. दुसऱ्या दिवशी तिच्या चहात मीठ घातलं.

आमच्याकडं जेवणाला कडक भाकरी असते. ज्वारीची, पापडासारखी वाळवलेली, कितीही दिवस टिकते. दात असलेली माणसं ती शेंगाचटणीबरोबर कडाकडा खातात. दात नसलेली माणसं आमटीत कुस्करून, भिजवून खातात. मी भिजवून खाते. एक दिवस पाहिलं तर जावेनंही भाकरी आमटीत घातलेली.

"काय झालं गं?"

"कुटं काय. आज मऊ खावं वाटलं."

दुसऱ्या दिवशीही तिला मऊ खावंसं वाटलं. तिसऱ्या दिवशी मी तिला उजेडात नेलं आणि तोंड उघडायला सांगितलं. हिरड्या सुजून दातांपासून सुटल्या होत्या. बोट लावलं तर रक्त आलं. वास तर मला आधीपासूनच येत होता. मी तिला म्हटलं, "तुझी बी कवळी होणार."

"ब्याड, ब्याड," ती म्हणाली. नको म्हणायचं असलं आणि मनापासून म्हणायचं असलं की ती कानडीत म्हणते. "अक्का, मी मरंन पण कवळी घालणार न्हाय."

कवळीनं कुणी मरत नाही, हे मी तिला सांगितलं. पण तिला दवाखान्यात घेऊन गेले, कारण घरात दुसरं कुणी रिकामं नव्हतं.

दातांच्या त्या मोठ्या दवाखान्यात शिकाऊ डॉक्टर असतात. आम्हाला एक मुलगी मिळाली. तिनं आधी जावेचे दात घासून साफ केले, किटण काढलं, मग फोटो काढला. फोटो पडद्यावर दाखवून म्हणाली, "मावशी, हे बघा. दाढेच्या बाजूचं हाड झिजून गेलंय, खड्डा पडलाय. डावीकडं एक आणि उजवीकडं एक. बाकीचे दात साफसफाईनं राहतील, पण या दोन दाढांचं सांगता येत नाही."

"काडायच्या म्हणता?"

"काढाव्या लागतील. नाहीतर एक अभ्यास चाललाय आमचा, त्यात तुम्ही बसताय का बघू." आणि ती मोठ्या मॅडमना बोलावून घेऊन आली.

मोठ्या मॅडम माझ्यासारख्याच सावळ्या, जाड चष्म्याच्या, फार न बोलणाऱ्या. त्यांनी सांगितलं ते असं. जावेच्या जबड्यात एक अक्कलदाढ आडवी पडून राहिली होती, कधी बाहेरच आली नव्हती. ती काढायची. दाढेच्या पोटात मऊ गर असतो. त्या गरात मूळ पेशी असतात, म्हणजे ज्यांच्यापासून पुढं हाड होऊ शकतं, हिरडी होऊ शकते. त्या पुण्याच्या प्रयोगशाळेत वाढवायच्या, परत आणायच्या आणि दाढेच्या खड्ड्यात बसवायच्या. या पेशींनाच स्टेम सेल म्हणतात.

जावेच्या तोंडावरची रेघ हलली नाही. तेव्हा ती शिकाऊ मुलगी म्हणाली, "विरजण कसं असतं मावशी? चमचाभर घातलं की सगळ्या दुधाचं दही होतं. तसं."

"हां," जाऊ म्हणाली. "मग तसं सांगा की."

"पण खात्री नाही," मॅडम म्हणाल्या. "अजून प्रयोग आहे."

"म्हंजी उंदरावानी?"

"उंदरांवर आधी झालाय."

"मग उंदराचं दात कसं हाईत आता?"

मॅडम पहिल्यांदा हसल्या. मी विचारलं, "उपयोग होईल का?" त्या म्हणाल्या, "माहीत नाही आजी. तेच बघायला करतोय." मला हे उत्तर आवडलं. दवाखान्यात असं उत्तर मला कधी कुणी दिलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट होती. पेशी फक्त डाव्या दाढेत घालायच्या होत्या. उजवीकडं हिरडी उघडून नुसतं साफ करून शिवायचं. दोन्हीकडं फरक काय पडतो ते पाहायला. जाऊ म्हणाली, "एकीला पुरणपोळी, एकीला नुसतं पाणी. आमच्या सासूबाईचाच न्याय हाय की हा." माझ्याकडं बघून म्हणाली. पुरणपोळी कुणाला मिळायची याबद्दल आमच्या दोघींचं मत वेगवेगळं आहे.

मग शिकाऊ मुलीनं तिला प्रश्न विचारले. साखर आहे का, रक्तदाब आहे का, कसल्या गोळ्या चालू आहेत.

"तंबाखू खाता?"

"न्हाय."

"गुटखा, मावा?"

"न्हाय."

"विडी-सिगारेट?"

"वळते. वडत न्हाय." हे तिनं मान ताठ करून सांगितलं. "जन्म गेला सुपापुढं, पर एक चिमूट तोंडात टाकली न्हाय. इचारा अक्कांना."

"नाही टाकली," मी म्हटलं. ते खरं होतं. बिडीवाल्या बायांत तंबाखूचा बार भरणाऱ्या खूप होत्या. आम्ही दोघी त्यातल्या नव्हतो, आणि आम्हाला त्याचा अभिमान वाटायचा.

अक्कलदाढ काढली त्या दिवशी तिचा गाल वांग्यासारखा सुजला. दाढ लालसर पाण्याच्या बाटलीत घातली, बाटली बर्फाच्या डब्यात, आणि डबा पुण्याच्या गाडीला. रिक्षात बसल्यावर ती गालावर हात ठेवून म्हणाली, "माझी अक्कल पुण्याला गेली." मी म्हटलं, "येताना थोडी जास्त घेऊन ये म्हणावं."

काही आठवड्यांनी पुण्याहून निरोप आला, पेशी वाढल्या. मॅडमनी हिरडी उघडून दोन्ही दाढांची मुळं खरवडली. डावीकडच्या खड्ड्यात पेशींचा स्पंजासारखा तुकडा ठेवला, आणि दोन्हीकडं शिवलं. मी बाहेर बाकावर बसून होते. आत माझं काम नव्हतं.

निघताना शिकाऊ मुलीनं पुन्हा पुन्हा बजावलं. गरम खायचं नाही. कडक खायचं नाही. गुलाबी औषधाची चूळ भरायची, पण जोरानं नाही. टाके निघेपर्यंत त्या जागी ब्रश लावायचा नाही. "विरजण लावलेलं भांडं हलवतो का आपण? तसं समजा. हलवायचं नाही."

जावेला हे पक्कं समजलं. विरजण तिला समजतं.

आता मशेरीचं सांगायला पाहिजे. आमच्या घरात मशेरी मी करत होते. तव्यावर तंबाखू टाकून मंद आचेवर काळी होईपर्यंत भाजायची, मग चुरून डब्यात भरायची. भाजताना गल्लीला ठसका लागतो. माझी सून गच्चीत निघून जायची. सकाळी उठलं की डब्यातली चिमूट बोटावर घ्यायची, पायरीवर बसायचं आणि दातांना, हिरड्यांना चोळत राहायचं, थुंकायचं, बोलायचं. त्याशिवाय पोट साफ होत नाही आणि डोकं उतरत नाही. मला दात नव्हते तरी मी लावत होते. सासूनं लावली, तिच्या सासूनं लावली. लग्नानंतर पहिल्या सकाळी जावेला मीच डबा पुढं केला होता. तेव्हा ती चुलीतल्या राखेनं दात घासत होती, मशेरी तिच्या माहेरी नव्हती.

टाके असताना एका सकाळी मी पाहिलं, ती पायरीवर बसून हलक्या बोटानं मशेरी लावत होती. डावीकडं तर अगदी जपून, लहान बाळाच्या टाळूला तेल लावतात तशी.

"चालतंय का ते?" मी विचारलं.

"बरश लावू नगा म्हणाल्यात. बोटानं कुटं काय हलतंय? उलट घाण ऱ्हायला नगो तितं."

मला ते पटलं. दात स्वच्छ ठेवायला पाहिजेत, ब्रश बंद आहे, मग दुसरं काय करणार? मी चहा टाकायला आत गेले.

टाके काढायच्या दिवशी मॅडमनी तिच्या तोंडात बॅटरी धरली आणि बराच वेळ काढली नाही. मग शिकाऊ मुलीला जवळ बोलावलं. तीही वाकून बघत राहिली.

"मावशी, टाक्यांत हे काळं काय आहे?"

"कुटं?"

"इथं. डावीकडं. सगळ्या जखमेत बसलंय. टाका सुटलाय इथला."

"काळं व्हय? ती मशेरी."

मॅडमनी बॅटरी बंद केली. "तुम्ही तंबाखू खात नाही म्हणालात ना?"

"न्हायच खात. ही खायाची नसती, मॅडम. लावायची असती. दाताला."

"मशेरी कशाची करतात?"

हे आम्हाला कुणी कधी विचारलं नव्हतं. जाऊ माझ्याकडं बघायला लागली, कारण करायचं काम माझं होतं.

"तंबाखूची," मी म्हटलं.

बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारत होते. शिकाऊ मुलीचे कान लाल झाले. ती म्हणाली, "मॅडम, मी गुटख्यापर्यंत सगळं विचारलं होतं." मॅडम म्हणाल्या, "हे वेगळं विचारायला पाहिजे होतं. इथल्या बायका याला तंबाखूत धरत नाहीत, हे मला माहीत होतं."

मग त्यांनी समजावलं. तंबाखूनं हिरडीतल्या बारीक शिरा आवळून येतात, रक्त पोचत नाही. नव्या पेशींना जगायला रक्त लागतं. आधीचा खड्डा पडायलाही याचाच हात असणार. अभ्यासात तंबाखूवाली माणसं घेत नाहीत, त्यामुळं जावेचा हिशोब त्यात धरता येणार नव्हता. उपचार मात्र त्या चालू ठेवणार होत्या.

अभ्यासाचं जावेला काही नव्हतं. तिनं एवढंच विचारलं, "दाढा ऱ्हातात का जातात?"

"मशेरी लावत राहिलात तर जातील, दोन्ही. बंद केलीत तर सहा महिन्यांनी फोटो काढून सांगते. आज काही सांगत नाही."

परत येताना रिक्षात ती बाहेर बघत बसली. मी म्हटलं, "विरजणात मीठ टाकलंस."

"भाजून कुणी दिलं मीठ?"



तिनं मशेरी बंद केली. बंद केली म्हणायला सोपं आहे. पहिले काही दिवस तिचं डोकं फुटत होतं, पोट जागेवर नव्हतं, आणि घरात ती कुणाशी धड बोलत नव्हती. सुनेनं एक ब्रश आणि पेस्ट आणून दिली. "नुसता फेस येतुया," ती म्हणाली, "चव न्हाय का ढव न्हाय." पायरीवर बसायची सवय होती, म्हणून ब्रश घेऊन पायरीवर बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडं रागानं बघायची. बिड्याही हळू वळायला लागली. सुपातली तंबाखू नाकाखालीच होती, तिला तिथून उठून जाता येत नव्हतं.

मी लावत होते. माझ्या दाढा नव्हत्या, मला कुणी मना केलं नव्हतं. डबा संपत आला तेव्हा मी नेहमीसारखा तवा ठेवला. धूर सुटल्यावर बघते तर जाऊ स्वयंपाकघराच्या दारात. काही मागितलं नाही. चौकटीला हात लावून नुसती उभी. मी म्हटलं, "काय पायजे?" ती म्हणाली, "काय न्हाय." तवा गार होईपर्यंत ती तिथंच उभी होती. पुढच्या खेपेलाही तसंच. माझ्या पाठीमागं कुणी उभं राहिलेलं मला खपत नाही. मी भाजणं बंद केलं आणि डबा घासून त्यात मोहरी भरली. मग आम्ही दोघीही कुणाशी धड बोलेनाशा झालो. सून तेवढी खूश होती.

मधे एकदा ती सापडली. आमच्या शेजारची बाई तेलुगू, तिच्या घरात जुना माग होता. तिच्या पायरीवर जाऊ बसलेली, शेजारीण पुढं डबी धरून म्हणते आहे, "थोडी लावा की, एवढ्यानं काय होतंय." जावेचं बोट डबीत होतं.

मी शेजारणीला म्हटलं, "दे. हिच्या दाढा पडल्या की तू रोज भाकरी चावून देत जा तिला."

शेजारीण म्हणाली, "तुम्हाला पण पाहिजे तर घ्या, आजी. भांडू नका." मलाही पाहिजे होती. मी घेतली नाही. जावेनं बोट पदराला पुसलं आणि उठली. वाटेत म्हणाली, "लावली नव्हती मी अजून." मी म्हटलं, "वास येतोय का नाही ते मला कळतं." येत नव्हता.

सहा महिन्यांनी फोटो काढायला गेलो. त्या सकाळी ती जेवली नाही. देवाला जायचं असल्यासारखी चांगली साडी नेसली. खुर्चीत बसल्यावर तिनं दोन्ही हात मांडीखाली घातले. मी इतकी वर्षं तिच्यासोबत राहिले, पण नवऱ्याच्या दुखण्यात सोडून ती अशी बसलेली मी पाहिली नव्हती.

मॅडमनी जुना फोटो आणि नवा फोटो शेजारी लावले. दाढा बोटांनी हलवून पाहिल्या, हिरडीत बारीक सळई घालून खोली मोजली. मग म्हणाल्या, "दाढा राहतील."

जावेनं हात मांडीखालून काढले.

"खड्डे भरलेत?" मी विचारलं.

"पूर्ण नाही, पण भरलेत. हाड धरलंय. दोन्हीकडं."

"दोन्हीकडं?"

"दोन्हीकडं, जवळजवळ सारखंच."

"मग पेशींनी काय केलं?"

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "सांगता येत नाही, आजी. पेशी घातल्या तिकडं जखम बिघडली होती, तरी भरलं. घातल्या नाहीत तिकडंही भरलं. दोन्ही बाजू नीट साफ केल्या आणि मशेरी सुटली, त्यानंच भरलं असेल. किंवा डावीकडं त्या जखमेत हाड गेलंच असतं, ते पेशींनी राखलं असेल. एका माणसावरून कळत नाही. म्हणून तर खूप माणसं लागतात."

"म्हंजी पुण्याला पाठवून विरजण आणलं ते फुकट गेलं?" जाऊ म्हणाली.

"फुकट गेलं असंही म्हणता येत नाही."

"गेलं न्हाय," जाऊ म्हणाली. "मला आतून कळतंय की."

मॅडमनी तिच्याशी वाद घातला नाही. शिकाऊ मुलगी म्हणाली, आता कुणीही बाई आली की ती आधी मशेरीचं विचारते, तंबाखूचं नंतर. आणि बऱ्याच जणी हो म्हणतात. मी म्हटलं, "म्हणणारच."

माझं मत मी सांगते. मशेरी सुटली म्हणून दाढा राहिल्या. हे आधी कुणी सांगितलं असतं तर माझेही काही राहिले असते. पण तेव्हा डबा माझ्या सासूच्या हातात होता, आणि सासूला विचारायची आमच्यात पद्धत नव्हती.

जावेचं मत वेगळं आहे. घरी आल्यावर तिनं शेंगाचटणी ताटलीत घेतली, कडक भाकरीचा तुकडा मोडला आणि डाव्या दाढेखाली घातला. आवाज माझ्यापर्यंत आला. मी माझी भाकरी आमटीत कुस्करत होते.

त्यालाही आता बरेच महिने झाले. दोन्ही दाढा सारख्या आहेत, दोन्हीकडनं जेवा, असं मॅडमनी पुढच्या खेपेलाही तिला सांगितलं. ती ऐकत नाही. कडक घास डावीकडं, भात उजवीकडं. मी एकदा म्हटलं, "अगं, उजवी पण तेवढीच घट्ट आहे. तिला का जपतेस?"

"तिला कुटं काय मिळालंय? नुसतं पाणी घालून शिवलीया. तिच्यावर जोर टाकायचा न्हाय."

"फोटोत सारखंच दिसतंय."

"अक्का," ती म्हणाली, "तुमाला एक बी दात न्हाय. तुमाला दाढंतलं काय कळतंय?"

आणि डावीकडनं चावत राहिली.